सुमनच्या गोळ्या

आमच्या मालकांनाबी हे ठाऊक न्हवतं. ते गेले, तरी मी तोंड उघडलं न्हाई. आज तुम्हाला का सांगतेय — कुणास ठाऊक. बसा जरा.

सुमन माझी धाकटी जाऊ. आमच्या दिग्गी गावाला तेव्हा रस्ता न्हवता. मालक अन् दीर लाकूडतोडीला गेले, की घरात मी अन् ती. अक्का अक्का करत मागं फिरायची. मला मूल न्हवतं. तिला चौथा महिना सरला अन् अंगावर निळे डाग उठायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं — आम्ही घाबरलो. बेळगावच्या डॉक्टरानं रक्ताचा क्यान्सर सांगितला, गोळ्या दिल्या. मला बाजूला घेऊन म्हणाला, पोराला थोडा धोका हाय, पण गोळ्या थांबवल्या तर आई जाईल. समजलं न्हाई म्हणू? सगळं समजलं हुतं.

गोळ्यांनी तिच्या पोटात अन्न ठरेना. आमच्यात पोटुशीला उष्ण औषध देत न्हाईत, पोर जळतं म्हणतात. मी सारखी तिच्या पोटाकडं बघायची. पुढच्या गोळ्या आणायला मी एकटीच गेले, लोंड्याहून रेल्वेनं. आणल्याबी. येताना ओढ्यात टाकल्या. घरी येऊन म्हटलं, "डॉक्टर म्हणाला, आता गोळ्या नकोत."

"व्हय? बरं झालं गं अक्का," म्हणाली, अन् वाटीभर आंबील प्याली.

थोडे दिवस ती जेवायला लागली, तोंडावर तेज आलं. मला वाटलं, बघा, माझंच खरं. मग ताप चढला तो उतरलाच न्हाई. पोरगी झाली, धडधाकट झाली, अन् सुमन त्याच दिवशी गेली.

पोराच्या भीतीनं केलं — असं मी स्वतःला कितीक वर्सं सांगत आले. ते खोटं न्हाई. पण तेवढंच हुतं का? आमच्यात आई गेली तर पोर थोरल्या जावेच्या ओटीत घालतात. हे मला त्या ओढ्याकाठी आठवलं हुतं. आठवलं — अन् तरी मूठ उघडली.

अंगणात तिरडी बांधत हुते. दिरानं पोरगी माझ्या ओटीत घातली अन् तिथंच खाली बसला. मी रडत हुते. सुमनसाठी रडतेय, असं सगळ्यांना वाटलं. मला आनंद झाला हुता.