उसाचा रस पिणारा अमेरिकन कवी

अन्याय माझ्या फुईवर झाला. गेल्या गणपतीत, पाचव्या दिवशी, संध्याकाळची आरती आटोपून शिरा वाटला जात असताना, भेस्तानमधल्या आमच्या सोसायटीच्या मंडपात तिच्या माइकची वायर उपटली गेली. उपटणारा हात कमिटीचा होता. विषय मिटला असं कमिटी म्हणते. मिटलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मराठी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि रिटायर झाल्यावर एका अमेरिकन माणसाच्या नादी लागली. माणूस मेलेला. कवी आणि कादंबरीकार. उधन्याच्या पस्तीवाल्याकडे रद्दीत, किलोच्या भावात मिळाला. हा नोकऱ्या धरायचा आणि मालक त्याला हाकलायचे. प्यायचा, मारामाऱ्या करायचा. दोन बायका सोडून गेल्या, आणि दोघींचंही बरोबर होतं हे त्यानेच कादंबरीत लिहून ठेवलं. रात्री कितीही झाली असली तरी सकाळी टेबलाशी बसून लिहायचाच. स्वतःला पाठीशी घालणारी एक ओळ त्याच्या पुस्तकांत सापडायची नाही. फुईने आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलेलं नाही. तरी तिने त्याच्या कविता अहिराणीत आणल्या. का, विचारलं तर म्हणाली, "हाऊ ते मना भाऊसारखा शे."

तो भाऊ म्हणजे माझे वडील. पलसाण्याला कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये होते. आमच्या राज्यात दारूबंदी, त्यांना रोज मिळायची. ते वारले तेव्हा दहाव्याला झाडून सगळे म्हणाले, देवमाणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फुई उठून घरी गेली. मग तिने तो अमेरिकन उघडला.

मंडपात जे वाचायचं ते आधी कमिटीला दाखवायचं, ही आमच्याकडची रीत. लहान मुलीचं बडबडगीतसुद्धा पास होऊन येतं. फुईने दोन कविता दिल्या. कमिटी पहिलीवरच अडली. अध्यक्ष बँकेतून रिटायर झालेले, सभ्य गृहस्थ. म्हणाले, "ताई, बाप्पासमोर दारू नको."

"बाप्पासमोर माणूस चालेल ना?"

"माणूस चालेल हो. पण पोलिसांची परमिशन आपल्या नावावर आहे. दारूच्या जागी दुसरं काहीतरी घाला."

"चहा घाला," सेक्रेटरी म्हणाले.

"चहा पिऊन कोण गटारात पडतं?" खजिनदार काकूंनी रास्त शंका काढली.

तेवढ्यात अध्यक्षांना सुचलं. त्या दिवशीचे पाहुणे चलथाणचे, उसातच हयात गेलेले, आणि मंडपाचा खर्चही त्यांचाच. "उसाचा रस करा. पाहुण्यांनाही बरं वाटेल."

मी भांडायला उठले. फुईने माझा दंड दाबला आणि शहाण्या मुलीसारखी मान हलवली. तिने अशी मान हलवली की शाळेत इन्स्पेक्टरसुद्धा घाबरायचे.

पाचव्या दिवशी तिने पहिली कविता वाचली. कमिटीने पास केली होती तशीच, एक अक्षर न बदलता. चेहरा गंभीर, आवाज खणखणीत. अमेरिकन कवी सकाळी तोंड न धुता उसाचा रस प्याला. तोंडाला रसाचा वास येतो म्हणून मालकाने त्याला काढलं. त्या दुःखात तो पुन्हा रसाच्या दुकानात गेला, तिथे एकाचा दात पाडला, भिंतीला धरून ओकला आणि गटारात झोपला. बायकोने दार उघडलं नाही. म्हणाली, एक तर मी नाहीतर रस.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. एक आजी मात्र मनापासून हळहळल्या, "शुगर असेल बाई त्याला. डॉक्टरला दाखवायचं."

चलथाणचे पाहुणे उभे राहिले. "आमचा ऊस एवढा वाईट? संसार मोडतो?"

अध्यक्षांचा घाम निघाला. "नाही हो साहेब, तो अमेरिकन ऊस आहे."

"तिकडचा असो नाहीतर इकडचा. मी खुर्चीत बसलोय आणि ह्या बाई माझ्या तोंडावर उसाची बदनामी करतात?"

फुई शांतपणे म्हणाली, "साहेब, रस माझा नाही. कमिटीचा आहे. आता दुसरी कविता ऐका, तिच्यात प्यायला काहीच नाही." तिने पान उलटलं आणि वायर उपटली गेली. समोर टाळ्या, शिरा, बाप्पा मोरया. तिचे ओठ थोडा वेळ हलले. मग तिने पान घडी करून पर्समध्ये ठेवलं.

आता ऐका, त्या दुसऱ्या कवितेत काय होतं. रात्रभर प्यालेला बाप सकाळी उठतो आणि थरथरत्या हातांनी लेकीचे शाळेचे बूट पुसतो. ती उठायच्या आत. बस, एवढंच. एक थेंब नाही. मंडपात नाटक करून दाखवलं असतं तरी बाप्पा विटाळला नसता.

माझे वडील माझ्या युनिफॉर्मला इस्त्री करायचे. हातांचा मिलचा रंग कधी गेला नाही, म्हणून पांढऱ्या कॉलरला हात लागू नये अशी बोटं वर धरून. ते देवमाणूस नव्हते. प्यायचे, आईवर ओरडायचे, आणि इस्त्री करायचे. हे सगळं एका दमात म्हणणारं फुईशिवाय कुणी मला भेटलं नाही, आणि तिचाच माइक काढला.

त्यानंतर कमिटीने ठरवलं की तिला पुन्हा बोलवायचं नाही. कारण दिलं, ऊस. मी फुईला विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे पोरी." मी जाऊ देणार नाही. हेच पत्रक दारोदार वाटून माझे पाय दुखतात, तोंड दुखत नाही.

वाचणाऱ्या, तुझ्याही गल्लीत मंडळ आहे, माइक आहे. फुईला बोलाव. दुसरी कविता आधी वाचू दे, मग पहिली, आणि तिच्यात दारूला दारूच म्हणू दे. तिचं वाचून होईपर्यंत वायरीपाशी तू स्वतः उभा राहा.