पुकारा करणारे काका

ती घटना आजही आठवते, आणि बहुतेक वेळा जेवायला बसल्यावरच.

मी तेव्हा पोलिसात, वारासिवनीच्या बाजूला ठाणा प्रभारी होतो. मलाजखंडच्या खाणीतून निवृत्त झालेले एक काका घरातून नाहीसे झाले होते. बायको वारलेली, मुलगा बेंगळुरूला. मुलाने फोनवर रडतच तक्रार दिली. गुमशुदगी, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद, केली आणि विहिरी पाहायला सुरुवात केली. एकट्या म्हाताऱ्याच्या बाबतीत आम्ही आधी विहीरच पाहतो. सांगायला बरं वाटत नाही, पण कामाची रीत तीच.

मग पानठेलेवाल्याने खबर दिली. काका रोज इंग्रजीच्या क्लासला जायचे, आणि आदल्या दिवशी क्लासच्या सरांशी दारातच त्यांचं वाजलं होतं. सर म्हणजे पंचविशीचा तरुण. ठाण्यात आणला तर खुर्चीच्या कडेवर टेकला. ज्याच्या पोटात पाप असतं तो सहसा ऐसपैस बसतो, असा माझा अनुभव. तरी दरडावलं.

"साहेब, क्लास आता मोबाईलवर चालते. काकांले म्हटलं, घरूनच पाहा. ते म्हने, मोबाईलवर उत्तर कोन देईन?"

"कसलं उत्तर?"

"आमच्या इथं एकजन उभा राहून क्रिया पुकारते, 'ईट माने?' बाकीचे एकदम म्हनतेत, 'खाना!' 'गो माने?' 'जाना!' पुकारायचा मान काकांचा होता. त्यायले सारे अर्थ कवाचेच पाठ झालते, तरी रोज येत."

म्हणजे हा माणूस शिकायला जातच नव्हता, त्याला पुकारायला वर्ग हवा होता. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अशी घोकंपट्टी आता गावच्या शाळांतच उरली आहे. एकेका शाळेत फोन लावले. रामपायलीकडच्या एका गावातले मास्तर अदबीने म्हणाले, "हौ, शिक्षण खात्याचे म्हातारे साहेब आले ना. कालपासून पोरायची इंग्रजी तपासून राह्यले."

जीप काढली. काका वर्गात उभे होते. रात्री देवळाच्या ओट्यावर झोपले होते, कपडे चुरगळलेले, पण आवाज खणखणीत. "कम माने?" पोरं छप्पर उडेल असं ओरडली, "आना!"

बाहेर आणून विचारलं, "काका, घर सोडून काहून आले तुमी?"

"घरी बोललं का भिंतीपर्यंत जाते अन् थांबते, साहेब. इथं पोरं उत्तर देतेत."

मला राग येणार होता, तो आलाच नाही. मास्तरांना खरं कळलं तेव्हा ते खो खो हसले आणि म्हणाले, "दर शनिवारी या, काका." परतताना काका जीपमध्ये क्रिया पुकारत होते आणि मी व ड्रायव्हर उत्तरं देत होतो.

माणूस हरवला की याचं कुणाशी वैर होतं, हे आम्ही पहिलं विचारायचो. त्यानंतर मी आधी विचारू लागलो, याच्याशी रोज बोलतं कोण?

आता मी बालाघाटला एकटा राहतो. बायको गेली, पोरं लांब आहेत. ताट वाढून घेतलं की कधी कधी मोठ्याने म्हणतो, "ईट माने?" थोडा वेळ थांबतो. मग जेवतो.