कोण कुठे बसतं, इंग्रजीत

आमच्या टाइम ऑफिसात अकरा टेबलं, चौदा खुर्च्या, सहा कपाटं आणि एक कूलर होता. हे मला अजून पाठ आहे, कारण फर्निचरची यादी माझ्याकडे होती. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, माझं अक्षर चांगलं आहे एवढ्या कारणावरून ते रजिस्टर माझ्या गळ्यात बांधलं. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, आणि रजिस्टरात त्या नंबरासमोर इंग्रजीत वर्णन: चेअर, विथ आर्म्स. चेअर, विदाउट आर्म्स. टेबल, थ्री ड्रॉवर्स. हाताची खुर्ची कुणाला आणि बिनहाताची कुणाला, हे पदावरून ठरायचं. दोन्ही पदांच्या माणसांना हात दोनच असायचे, पण नियम तो नियम.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. तिथल्या स्टील प्लांटच्या कामगारांची हजेरी, रजा आणि पाळ्या आमच्याकडे लिहिल्या जायच्या. कामगार बाहेर व्हरांड्यात उभे, आम्ही आत बसलेलो, मध्ये जाळीचं काउंटर. रजा मी लिहायचे आणि माझं टेबल दाराशी होतं. एका बाजूला पाण्याचा मटका, दुसऱ्या बाजूला सायक्लोस्टाइलचं मशीन. पाणी प्यायला येणारा माझ्या रजिस्टरावर थेंब सांडून जायचा आणि मशीनवाला शाईचं बोट पुसून. कूलर मागच्या खिडकीत होता आणि त्याची हवा नीट अशी एकाच टेबलाला लागायची. तिथे अमरावतीकडचे एक सीनियर क्लार्क सहा वर्षं ठाण मांडून होते. त्यांना सगळे तोंडावरच कूलरवाले भाऊ म्हणायचे. मे महिन्यात आम्ही वहीनं वारा घेत असताना ते विचारायचे, "आज भल्ली थंडी वाजून राहिली, नाही का?"

ही गोष्ट मात्र काकांची. काका आमच्या ऑफिसातले सर्वांत जुने क्लार्क, मूळचे भंडाऱ्याकडचे, सेक्टर दोनमध्ये आमच्या क्वार्टरच्या मागच्या ओळीत राहायचे. कुठलाही नियम, कुठलंही जुनं सर्क्युलर त्यांना विचारावं. त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी नोटवर बडे बाबू न वाचता सही करायचे. पण सेक्शन इन्चार्जच्या मुलाखतीतून ते दोनदा परत आले होते. कारण एकच. समोर तीन साहेब बसले आणि इंग्रजीत बोलायची वेळ आली की काकांचं तोंड मिटायचं. लहानपणी त्यांच्या शाळेत इंग्रजी चुकलं की बाकावर उभं करायचे. काकांनी तेव्हाच ठरवलं होतं की चुकायचं नसेल तर बोलायचंच नाही. रिटायर व्हायला तीन वर्षं उरली होती आणि तिसऱ्यांदा बोलावणं आलं होतं. चौथं येणार नव्हतं.

आधी मुलाखत देऊन आलेल्यांकडून बातमी कळली की कमिटीतले मोठे साहेब सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात: समजा, तुमच्या ऑफिसात नवा माणूस आला, तर कोण कुठे बसतं आणि काय करतं ते त्याला इंग्रजीत सांगा. काका डबा खायच्या वेळी माझ्याकडे आले.

"पोरी, टेबल-खुर्च्याचं इंग्रजी तुह्याजवळ आहे. मले एक पान लिहून दे."

त्या संध्याकाळी मी फुलस्केप कागद घेतला, आधी नकाशा काढला आणि लिहायला बसले. पहिलं वाक्य दारापासून सुरू होणार होतं आणि दाराशी मी होते. मला वाटलं, आता इंग्रजीतसुद्धा मी मटक्याशेजारीच बसू का? पान सरावाचं होतं. कोण पडताळायला येणार होतं? मी लिहिलं, 'द लेडी क्लार्क सिट्स नेक्स्ट टू द कूलर.' कूलरवाल्या भाऊंना मटक्याशेजारी बसवलं. मग हात थांबेना. दिवसभर घसा खाकरणाऱ्या बाबूंना कोपऱ्यात, कपाटामागे पाठवलं. क्रिकेटवर बोलणाऱ्या दोघांच्या मध्ये एक स्टीलचं कपाट उभं केलं. बडे बाबूंना पार्टिशन दिलं. तासाभरात मी असं ऑफिस बसवलं की तिथे काम करायला मी सुट्टीच्या दिवशीही गेले असते.

काकांनी पान वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पान वाचलं.

"हे आपलंच ऑफिस आहे का?"

"काका, तुमाले इंग्रजी पायजे का ऑफिस?"

इंग्रजी, असं म्हणून त्यांनी पानाची घडी खिशात घातली.

पंधरा दिवस ते पान त्यांनी घोकलं. पहाटे सेक्टर दोनच्या रस्त्यांवर फिरताना डावा हात, उजवा हात करत चालायचे. दूधवाल्यानं त्यांना विचारलंही की कुणाला रस्ता दाखवताय. डब्याच्या वेळी माझ्यासमोर म्हणून दाखवायचे, पण डोळे मिटून. उघड्या डोळ्यांना खरं ऑफिस दिसायचं आणि गाडी अडायची. एकदा मला उपरती झाली. म्हटलं, निदान माझी आणि भाऊंची जागा तरी खरी सांगा. ते वाक्य बदललं तर त्याच्या पुढची सगळी वाक्यं ढासळली आणि काकांच्या कपाळावर घाम आला. मी घाईनं म्हटलं, राहू द्या, आहे तेच छान आहे.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून मोठ्या साहेबांच्या बिल्डिंगमध्ये गेले. साडेबाराला आमचा अंतर्गत फोन वाजला. बडे बाबूंनी उचलला आणि माझ्याकडे दिला.

"पोरी, सगळं म्हटलं. एकबी शब्द नाही अडला."

मी आनंदानं काहीतरी बोलायला लागले तर त्यांनी थांबवलं.

"साहेब खूश झाले. म्हणते, मीच नवा माणूस, मले तुमचं ऑफिस दाखवा. दीड वाजता येऊन राहिले." मग त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगून टाकू का त्याईले?"

"काही सांगू नका. तुमी फक्त या."

फोन ठेवला आणि सगळ्यांसमोर कबुली दिली. हसतील किंवा रागावतील असं वाटलं होतं. पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता: मला कुठे बसवलंस? नकाशा हातोहात फिरला. क्रिकेटवाले दोघं दुखावले. घसा खाकरणाऱ्या बाबूंनी तो न खाकरता विचारलं की मेरे को अलमारी के पीछे क्यूँ. तरी काकांसाठी म्हणून एकेक जण उठायला तयार झाला. कूलरवाले भाऊ सोडून.

"मी कावून उठू?" ते म्हणाले. "सहा वर्साची जागा आहे. चूक तुही अन् घाम माहा?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणून मी वाद घातला नाही. फर्निचरचं रजिस्टर आणलं आणि त्यांच्यासमोर त्यांच्या खुर्चीचं पान उघडलं. ती हाताची खुर्ची पाहुण्यांसाठी होती. चार वर्षांपूर्वी भाऊंनी ती ओढून घेतली होती आणि तपासणीच्या वेळी मी दरवर्षी 'यादीप्रमाणे बरोबर' असं लिहून डोळेझाक करत आले होते.

"भाऊ, यादीत तुमची खुर्ची बिनहाताची आहे. साहेब येऊनच राहिले तर आजच तपासणी करून टाकते."

भाऊंनी रजिस्टर पाहिलं. खुर्चीच्या हातांवरून एकदा हात फिरवला. मग उठले आणि बडे बाबूंना म्हणाले, "पोरगी नाही, ऑडिट आहे."

टेबलं हलवायला वेळ नव्हता, म्हणून माणसं हलली. ज्यानं त्यानं आपला डबा आणि चष्मा उचलला, रजिस्टरं तिथेच राहिली. कपाट मात्र चौघांनी ओढत क्रिकेटवाल्यांच्या मधोमध नेलं. राहिलं पार्टिशन. व्हरांड्यातला नोटीसबोर्ड उचलून आणला आणि बडे बाबूंच्या टेबलापुढे उभा केला. आतून त्यांचा शांत आवाज आला, "हव, बने हे." त्यांच्या छत्तीसगढीत म्हणजे, हो, छान आहे.

दीडला काका दारात आले, मागे साहेब. काका उंबऱ्यावरच थांबले. पंधरा दिवस जे ऑफिस त्यांनी मिटल्या डोळ्यांनी पाहिलं होतं ते उघड्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कूलरसमोर होते आणि खरं सांगते, हवा फारच छान येत होती.

मग काका सुरू झाले. ऑन युवर लेफ्ट, सर. ऑन युवर राइट, सर. हात ज्या दिशेला जाई तिथे तो माणूस हजर. चौथ्या टेबलापर्यंत त्यांचा आवाज चढला होता. साहेब मान डोलवत होते. माझ्यापाशी आल्यावर मात्र ते थांबले आणि त्यांनी माझं रजेचं रजिस्टर मागितलं.

माझ्यासमोर भाऊंचं पाळ्यांचं रजिस्टर होतं. रजेचं दाराशी, भाऊंच्या कोपराखाली. मी वन मिनिट सर म्हणून तिथवर गेले. भाऊंनी ते अगदी नम्रपणे माझ्या हातात दिलं. एवढ्या वेळात त्यावर पेल्याचा ओला गोल उमटला होता.

साहेबांनी तो गोल पाहिला. मटक्याकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं आणि काकांना इंग्रजीत विचारलं, या बाई इथे किती दिवसांपासून बसतात?

हे पानावर नव्हतं. काकांनी डोळे मिटले. माझ्या मनात आलं, गेलं. तिसरी मुलाखतही गेली, आणि या वेळी माझ्यामुळे.

काकांनी डोळे उघडले.

"सर," ते म्हणाले, "सिन्स ट्वेल्व्ह थर्टी."

आणि मग ते बोलतच गेले. पान हिनं लिहिलं, मी पाठ केलं, खोटं आहे हे मला दिसत होतं, तरी गप्प राहिलो, ही चूक माझी. क्रियापदं इकडेतिकडे पडत होती, काका ती ओलांडून पुढे जात होते. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, हे ऑफिस या बाईंच्या मनातलं. तुम्ही इन्चार्ज झालात तर कुणाला कुठे बसवाल?

काकांनी आमच्यापैकी कुणाकडेच पाहिलं नाही. काउंटरच्या जाळीकडे बोट दाखवलं. "फर्स्ट, सर, आउटसाइड मॅन." तो कोक ओव्हनवरून येतो, भट्टीतून उन्हात. तो उभा, आम्ही बसलेले. कूलर तिथे पाहिजे. मटका तिथे पाहिजे. रजेचं टेबल काउंटरला लागून. आतले लोक कुठेही बसले तरी चालतील.

साहेब थँक यू म्हणाले आणि निघाले. जाता जाता त्यांनी नोटीसबोर्डावर टकटक केलं आणि मागच्या बडे बाबूंना नमस्कार केला.

निकाल लागेपर्यंत मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. काका रागावले नाहीत. एकदाच एवढं म्हणाले, "सगळ्याईले तू हलवलं वं पोरी. मले तिथंच ठेवलं." खरंच, माझ्या नकाशात काकांचं टेबल होतं तिथेच होतं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी यादी लागली आणि तीत काकांचं नाव होतं. इन्चार्ज झाल्यावर त्यांची पहिली ऑर्डर निघाली ती बसण्याच्या व्यवस्थेची. तिचं इंग्रजी त्यांनी स्वतः लिहिलं, मला फक्त टाइप करायला दिलं. कूलर स्टँडसकट व्हरांड्यात गेला, रांगेकडे तोंड करून. माझं टेबल काउंटरला आलं आणि कूलरवाल्या भाऊंचं माझ्या शेजारी.

त्या उन्हाळ्यात आमच्या काउंटरवर जितक्या चौकशा आल्या तितक्या आधी कधी आल्या नव्हत्या. कोक ओव्हनवरचा एक जण सकाळी येऊन किती रजा उरली ते विचारून गेला. बारा, मी सांगितलं. दुपारी पुन्हा रांगेत. बाराच, मी म्हटलं. बरं, उद्या येऊन पाहतो, असं म्हणून तो आणखी पाच मिनिटं तिथेच उभा राहिला. आम्ही दोघं जाळीच्या आत घामानं निथळत रजिस्टरं उलटत होतो.

एके दुपारी मी मान वर केली तर शेजारची खुर्ची रिकामी. रांग पुढे सरकली आणि तिसऱ्या नंबरावर कूलरवाले भाऊ उभे.

"तुमचं काय काम आहे?" मी जाळीतून विचारलं.

"माही रजा किती उरली ते पायजे."

मी पान उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

"सावकाश पाय. मले काही घाई नाही."