आजोबा जवळ असणं हा आजार नाही

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गोंदियाच्या कॉलेजात मानसिक आरोग्याची प्रश्नावली भरून घेतली. त्यात एक प्रश्न होता: हयात नसलेली माणसं आपल्या जवळ आहेत असं वाटतं का? मी 'नेहमी'वर खूण केली. आमचं दरेकसाकडचं गोंड घर. नवं धान आलं की आधी गेलेल्यांना देतो, मग आपण खातो. वारलेले आजोबाही आमच्यासाठी घरातच असतात. 'थकवा वाटतो' यावरही खूण केली, कारण गावाकडची धानाची रोवणी आटोपून नुकतीच परतले होते.

पुढच्या आठवड्यात 'समुपदेशन हवं' अशांच्या यादीत भर वर्गात माझं नाव वाचलं. समुपदेशक मॅडमनी बाबांना बोलावलं. जंगलातली मजुरी सोडून ते सकाळच्या गाडीनं आले.

"हिला भास होतात का?" मॅडमनी विचारलं. बाबा खाली बघत राहिले. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "काऊन व, तुले काही झालं का?" त्यांचा तो घाबरलेला चेहरा आठवला की आजही माझं डोकं तापतं.

आणि होस्टेलमध्ये माझ्याच खोलीत राहणारी, पोवार शेतकऱ्याची मुलगी? ती ताट तसंच ठेवायची, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. कागदानं तिला ठणठणीत ठरवलं होतं. 'उदास वाटतं का' याला तिनं 'नाही' लिहिलं होतं.

"'नाही' कायले लिवलं?" मी विचारलं.

"उदास म्हंजे रडनं ना? मी कुठी रडून राहिली?"

मी तिला धरून मॅडमकडे नेलं. त्यांनी विचारलं, "तुझी मनःस्थिती कशी आहे?" ती माझ्याकडे पाहू लागली. मग मी विचारलं, "जीव कसा होते व तुया?"

"पोटात गोळा येते. उठावंच वाटत नाही. कोनाशी बोलावंही नाही वाटत." एकदा सुरू झाली ती थांबेना. मॅडमनी त्याच दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. औषधं सुरू झाली, हळूहळू ती जेवू लागली. तिनं परीक्षाही दिली.

यादीतून माझं नाव काढा म्हटलं, तर मॅडम म्हणाल्या, "प्रश्न वरून येतात. माझ्या हातात नाही."

"मग वरच्यांना आमच्या गावी पाठवा," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी तोच प्रश्न परत आला. मी बाजूला लिहिलं, 'मी गोंड आहे, आजारी नाही.' कागद गोळा करणारे सर म्हणाले, बाजूला लिहायचं नसतं, नवा कागद घे. मी घेतला नाही.