बयच्या घराचं मागचं दार

आधी बयचं सांगते, मग बाकीचं. उरणजवळच्या या गावात अख्खी आळी तिला बय म्हणते. बय म्हणजे आई. ती आमची घरमालकीण. आत्ता मी हे लिहिते आहे आणि भिंतीपलीकडे माझी माय सुपात तांदूळ पाखडते आहे, तो आवाज मला येतो आहे. तो येतो बयमुळे.

मी परभणीकडची. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात, आणि पोरीला एकटं कोण धाडणार, म्हणून सातवीनंतर दप्तर खुंटीला लागलं. त्यामुळे लिहिताना माझं मागचं पुढं होतं, तेवढं सांभाळून घ्या. लग्न झालं तशी मी थेट इकडे आले. आमचे हे तेव्हा बंदरातून निघणाऱ्या ट्रेलरवर हेल्पर होते. आता स्वतः चालवतात.

बयचं घर तीन मजली. खालचा मजला तिच्या नवऱ्यानं बांधला. पुढं जमिनीचे पैसे आले, तीन पोरं लग्नाला आली, तेव्हा वर दोन मजले चढवले. आम्हाला पहिल्यांदा मिळाली ती गच्चीवरची पत्र्याची खोली. नवीन जोडप्याला तेवढी पुष्कळ. वारा यायचा, मागची मिठागरं दिसायची, बंदरातल्या क्रेनचे दिवे दिसायचे. दुपारी पत्रा तापायचा तेव्हा मी जिन्याच्या सावलीत येऊन भाजी निवडत बसायची. जिन्याला कठडा नव्हता, पण तो जिना मला तसा कधी दिसलाच नव्हता.

दिसला तो लेकरू रांगायला लागल्यावर. मग मला दुसरं काही सुचेना. कणीक मळताना जिना, कपडे वाळत घालताना जिना. शेवटी मी लेकराच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून ती पलंगाच्या पायाला अडकवायला लागले. बय एकदा पापड वाळत घालायला गच्चीवर आली आणि तिनं ते पाहिलं.

"पोराला बांधून ठेवलंस? बोकर हाय काय तो?"

बयच्या बोलण्यात ड चा र होतो. मला ते अंगवळणी पडायला वर्ष गेलं. मी म्हटलं, "बय, जिन्याचं भ्या वाटतं."

"मग सांगाचा ना मना. तोंड नाय तुला?"

खालची पुढची खोली तिच्या थोरल्याचं जुनं दुकान होतं. त्याचं शटर काढून तिनं दार बसवून घेतलं आणि आम्ही खाली आलो. तोवर तिची तिन्ही पोरं उलव्याला फ्लॅटात राहायला गेली होती. वरचे दोन मजले सोफा, पंखे, भांडी यांसकट कुलूप लावून तसेच होते. बय खाली एका खोलीत आणि स्वयंपाकघरात राहायची. पोरांसाठी एवढं बांधलं आणि ती गेली, असं मी एकदा म्हणून गेले. ती म्हणाली, "तवा लागत होतं, तवा बांधलं." आणि पापलेट साफ करत राहिली.

आम्ही खाली आलो आणि काही वर्षं खोली अगदी अंगाला बसली. मग मायचं झालं.

मला भाऊ नाही, बहीण नाही. बाप गेल्यावर माय गावात एकटीच राहायची. अंगणात पाय घसरून पडली आणि हात मोडला. सकाळी पडली होती. संध्याकाळी दूधवाल्यानं हाक मारली, आतून कण्हणं ऐकू आलं, तेव्हा कुठं लोकांना कळलं. आम्ही जाऊन तिला घेऊन आलो. प्लास्टर निघेपर्यंत म्हणून आणली, पण माझ्या मनात तिला परत धाडायची नव्हतीच. मी खोलीत मधोमध पडदा टाकला. खिडकीजवळ तिच्यासाठी खाट लावली, नवी चादर घातली, तिच्या देवाला फळी ठोकून घेतली. सगळं मापात बसवलं होतं.

माय त्या खाटेवर बसलीच नाही. उंबऱ्याजवळ चटई टाकून बसायची, पिशवी पायाशी. तिनं गावाहून ज्वारीचं पीठ आणलं होतं, भाकरी त्याचीच पाहिजे. हे घरात असले की डोक्यावरचा पदर नाकापर्यंत यायचा आणि ती जेवायची नाही. हे म्हणाले, "आई, हे तुमचंच घर समजा." ती म्हणाली, "हो जावईबापू," आणि आणखी दाराकडं सरकली. मग हे बाहेरूनच खाऊन यायला लागले, सासूबाईला सुखानं घास उतरावा म्हणून. पुढं पुढं तर ट्रेलरच्या केबिनमध्येच झोपायचे. रागानं नव्हे, संकोचानं. खोली लांबी-रुंदीला तेवढीच होती. पण तिच्यात आता कुणीच मावत नव्हतं.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी माय पिशवी भरायला लागली.

मी म्हटलं, "माय, परत पडलीस तर?"

"पडंन तर पडंन. लेकीच्या घरी माय दोन दिस पाव्हणी. त्याच्यावर राहिली की तिची लाज जाती."

"कोण म्हणतं लाज जाती?"

"म्हणायला कशाला कोण पाहिजे?"

मला रडू आलं. एवढ्यात बय पाण्याचा पंप लावायला आली. दारातली पिशवी तिनं पाहिली.

"कुठं चालली गो तुझी आय?"

"गावाला," मी म्हटलं.

"गावाला कोन हाय?"

माय ताठ होऊन म्हणाली, "घर हाय माझं."

"घर हाय ते बेस. घरात कोन हाय? परत परशील तर उचलाला भिंती येतील?"

मग बय माझ्याकडं वळली. मला वाटलं आता ती मायला बोलेल, पण ती मलाच बोलली. "नि तू ररतेस कशाला? तिचा काय चुकलं? मी तरी माझ्या लेकीकरं रात काढतंय काय? चा पिऊन उठतंय मी." मग तिनं मायचा बरा हात धरला. "चल. इकरं ये."

घराच्या मागं परसात उघडणारी एक खोली होती. बय त्यात सुकं ठेवायची. पावसाळ्याआधीचे दिवस, खोली गच्च भरलेली. बोंबलांच्या माळा, जवळ्याचे डबे, कोपऱ्यात सुकटीचं पोतं. माझी माय माळकरी. अंड्याचं टरफल रस्त्यात दिसलं तरी वाट बदलणारी. दार उघडलं तसा तिनं पदर नाकावर दाबला आणि दुसऱ्या हातानं गळ्यातली माळ धरली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता ही काहीतरी तोडून बोलणार आणि आमचंही घर जाणार.

बय म्हणाली, "ही खोली घे. दार माझ्या परसात हाय. लेकीच्या उंबऱ्यावर पाय ठेवाचा काम नाय. तू लेकीची कोन नाय इथं. तू माझी भारोत्री."

"राम राम," माय पदराआडून म्हणाली. "ह्या वासात?"

"वास जातो. मान्सं जातात, वासाचं काय घेऊन बसलीस!"

मायनं चौकट बघितली, कडी लावून बघितली. मग हळूच म्हणाली, "चूल कुठं मांडायची?"

मी आणि बयनं ती खोली सोड्यानं धुतली. यांनी चुना मारला. परत धुतली, परत चुना मारला. मायनं कडुनिंबाचा धूर केला. बोंबील कुठं न्यायचे हा प्रश्न होता, तर बयनं वरच्या मजल्याचं कुलूप काढलं. मधल्या पोराच्या हॉलमध्ये दोरी बांधली, एक टोक खिडकीच्या ग्रिलला, दुसरं टीव्हीच्या हुकाला, आणि त्यावर माळा टाकल्या. सोफ्यावर वर्तमानपत्र अंथरून जवळ्याचे डबे मांडले. मी म्हणत होते, बय, सोफ्यावर नको गं. ती ऐकते थोडीच.

रविवारी मधला पोरगा बायको-पोरांना घेऊन आला. मी चहाचा ट्रे घेऊन जिना चढत होते. वरून आवाज आला, "बय! हॉलमध्ये बोंबील?"

"मग कुठं ठेवू? तुझ्या फ्लॅटात?"

"अगं, सोफा आहे तो!"

"हाय ना. घेतल्यापून कोन बसलंय त्याच्यावर? हे तरी बसलेत."

त्याची बायको खिडकीकडं तोंड करून हसायला लागली. पण तो हसला नाही. आवाज उतरवून म्हणाला, "भाडेकरूच्या आईसाठी आपल्या घराची ही दशा करायची?"

मी पायरीवरच थांबले. सामान कुठं न्यायचं, लेकराची शाळा, हे तर गाडी घेऊन गुजरातेत, सगळं एका दमात डोक्यातून गेलं.

बय म्हणाली, "तुमी तिघं होते तवा खाली जागा पुरत नव्हती म्हनून वर चरवलं. आता तुमी गेले, तर मजले खाली येतात काय? रिकाम्याला वास मारतो, त्यापेक्षा बोंबलाचा बरा. तिला आज लागते खोली. मी दिली."

त्यानं चहा घेतला. जाताना मात्र मागच्या खोलीत डोकावला, माय आत पोतं झटकत होती. वर बघून म्हणाला, "मावशी, होल्डर सैल आहे, शॉक बसेल." आणि स्टूल मागवून स्वतः घट्ट करून दिला.

माय तिकडं राहायला गेली त्या दिवशी दुपारी माझा पोरगा पळत आला. "आजीनं तुला चहाला बोलावलंय." मी घराला वळसा घालून परसात गेले. मायनं मला चटई टाकली, पाणी दिलं, चहा दिला. "बस गं, दमलीस," म्हणाली. लग्नानंतर इतक्या वर्षांत माहेरी जायचं म्हणजे रात्रभराची गाडी, आणि गेलं की परतायची तारीख आधी. त्या दुपारी मी तिथं पाय पसरून बसले. हे संध्याकाळी घरी जेवले. मायनं तिच्या चुलीवरची शेंगदाण्याची चटणी वाटीतून पाठवली होती, जावयाला.

आता दोघी म्हाताऱ्या दुपारी परसात बसलेल्या असतात. माय म्हणते, "मासे खाऊन खाऊन तुमचं बोलणं बी खारट झालंय." बय म्हणते, "नि तुझा ज्वारी खाऊन कोररा." एकमेकींच्या हातचं फक्त पाणी चालतं. तेवढं पुरतं त्यांना.

मला घोर लावून घ्यायची सवय आहे, तो आताही आहेच. पोरगा मोठा होतो आहे, त्याला अभ्यासाला टेबल हवं, खोली परत आखूड पडायला लागली आहे. आणि बयचे गुडघे गेले आहेत. आंघोळीला पायरी उतरताना ती भिंत धरते. पोरं म्हणतात, आमच्याकडं चल, लिफ्ट आहे. चांगल्या मनानं म्हणतात. ती म्हणते, "वर जाऊन काय करू? खाली वाकून मान्सं मोजू?" पण एक दिवस पोरांना तिला न्यावंच लागेल असं मला वाटतं, आणि त्या दिवशी तिचा चेहरा कसा होईल ते मी उंबऱ्याजवळच्या चटईवर बसलेल्या मायच्या तोंडावर आधीच पाहिलेलं आहे.

म्हणून हे लिहून ठेवते. बयला वाचता येत नाही, तिला मी तोंडी सांगेनच. लिहिते ते मला मागं फिरता येऊ नये म्हणून. पुढंमागं आमचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर झालं तरी ते याच आळीच्या आसपास बघायचं, हे मी यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. बय, तुला उठवेनासं झालं की तुझं न्हाणं-धुणं, जेवण, औषध मी करीन. मी तुला माझ्या घरी नेणार नाही, आणि होईल तोवर कुणाच्याही घरी जाऊ देणार नाही. तू तुझ्याच घरात राहशील. येणं-जाणं मी करीन.