माइकवर ऐकलेला ट्रॅक्टर

कपाट आवरताना आज जुना हेडफोन सापडला. कानाला लावला आणि रावेरची एक दुपार आठवली. धुळ्याच्या होस्टेलात बसून मी ती नुसती ऐकली होती.

आम्ही तिघं आपापल्या गावाहून, माइकवर बोलत, मोबाइलवर शूटिंगचा गेम खेळायचो. मी, जामनेरची माझी मावसबहीण योगिता आणि रावेरचा मित्र गोपाल. म्होरकी योगिताच. "एका वेळी एकानंच बोला. कुठं आहेस ते नेमकं सांग," असं ती सारखं बजावायची.

त्या दुपारी गोपाल केळीच्या बागेत बसून खेळत होता. मध्येच म्हणाला, "मले पायाले कायतरी चावलं रे. सापच दिसते."

मी ओरडायला लागलो. योगिताचा आवाज मात्र खेळतानाचाच होता. "गोपाल, पाय हलवू नको. नेमका कुठं आहेस?"

"विहिरीच्या मांगं."

"तू याच्या वडिलांना फोन लाव," ती मला म्हणाली. "मी याच्याशी बोलत राहते."

तो आवाज मला तेव्हा कोरडा वाटला. ती भीती गिळून बोलत होती, हे आज कळतं.

माझ्या फोनवर गेमचा माइक चालूच ठेवून, होस्टेलातल्या शेजारच्या मुलाच्या फोनवरून मी गोपालच्या वडिलांना जागा सांगितली. कानात गोपालचा श्वास होता, केळीच्या पानांची सळसळ होती आणि योगिताचे शांत प्रश्न. उत्तरं तुटक होत गेली. मग दुरून ट्रॅक्टरचा आवाज आला, वाढत गेला, आणि त्याचे वडील म्हणाले, "सापडला पोरगा." मी फरशीवर बसकण मारली.

संध्याकाळी दवाखान्यातून गोपालनं आम्हा दोघांना फोन जोडला. "आपण हरलो ना?" त्यानं जड आवाजात विचारलं.

"हरलो," योगिता म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.