सी ड्राइव्हवरची दीड जीबी जागा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासात वाजता सर गेले.

सर म्हणजे माझे यजमान. हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, म्हणून सगळं सुलतानपूर त्यांना सर म्हणायचं. लग्नानंतर थोडे दिवस मी 'अहो' म्हणून पाहिलं, पण त्या हाकेला ते वळायचेच नाहीत. 'सर' म्हटलं की लगेच वळायचे. मग तेच राहिलं.

या सदरातले अनुभव मी पुष्कळ दिवस वाचते आहे... आणि खरं सांगायचं तर जरा हसूनच वाचत होते. मी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. भुताखेतांच्या पुस्तकांचं आमच्याकडे एक अख्खं कपाट आहे, त्यातली पुस्तकं सगळ्यात जास्त फिरतात, आणि मी ती बिनदिक्कत 'कथा' म्हणून नोंदवते. सरांचं तर विचारूच नका. गल्लीत कुणाला काही दिसलं म्हणून कळलं, की ते आधी विचारायचे, "किती वाजता? लाईट होती का?" म्हणून मीही वेळ आणि लाईट, दोन्ही सांगणार आहे. जे मला माहीत नाही ते माहीत नाही असंच लिहीन.

आमचं घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीसमोर. पुढच्या खोलीत खिडकीखाली कॉम्प्युटर. शाळेनं नवे घेतले तेव्हा जुन्यातला एक सरांनी विकत आणला होता. त्याची हार्ड डिस्क वीस जीबीची, एकच. विंडोजही तिच्यावर आणि आमचा सगळा संसारही तिच्यावर. सर प्रत्येक गोष्ट डेस्कटॉपवर ठेवायचे. "डोळ्यासमोर असलं म्हणजे हरवत नाही," म्हणायचे. स्क्रीनवरचं चित्र कोणतं आहे हे आम्हाला कित्येक वर्षं दिसलं नव्हतं, इतकी फोल्डरं.

शाळेव्यतिरिक्त आमची साडेतीन एकर कपाशी. बीटी बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं बोंडअळीचं नाव लोक विसरूनच गेले. मग गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत सगळं किडकं. शेजारच्या गजाननभाऊंनी एका वर्षी उभ्या कपाशीत गुरं सोडली आणि बांधावर पाठ फिरवून बसून राहिले. ते पाहून आल्यावर सर दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मेहकरहून कामगंध सापळे घेऊन आले. काठीला टांगलेली प्लास्टिकची पिशवी, आत मादीच्या वासाची गोळी. त्या वासानं नर पतंग येऊन अडकतात. रोज सकाळी ते मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग सापडले की सर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचे — 'अळी आली. फवारणी करा.' आणि गाव त्याप्रमाणे करायचं.

गजाननभाऊ चिडवायचे. "झाली का सर हजेरी? कोनी गैरहजर हाय का?"

"आज सहा हजर. दोघं वाटेत असतील."

"पालकाले बोलावून घ्या मंग."

पतंगांसोबत सर डोमकळ्यांचे फोटो काढायचे. अळी आत शिरली की कपाशीचं फूल उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसतात. तिला डोमकळी म्हणतात. अकरा हंगामांतले तीन हजारांवर फोटो 'डोमकळी' नावाच्या फोल्डरमध्ये होते. मला ते सगळे एकच फोटो तीन हजार वेळा काढल्यासारखे वाटायचे. तसं मी त्यांना एकदा म्हणालेही होते. "तुझ्या वाचनालयातली पुस्तकंही मला लांबून सारखीच दिसतात," असं उत्तर मिळालं.

आता डेस्कटॉपवरच्या दुसऱ्या फोल्डरविषयी. त्याचं नाव 'दवाखाना'.

आदल्या वर्षी डोमकळ्यांच्याच दिवसांत सरांना खोकला लागला. मी म्हणाले, शहरात जाऊन दाखवून येऊ. ते म्हणाले, मोजणी संपू दे, दिवाळीनंतर जाऊ. मी बरं म्हणाले. पुन्हा म्हणाले नाही. दिवाळीनंतर गेलो. स्कॅन झाले, त्याच्या दोन सीडी मिळाल्या. सवयीप्रमाणे सरांनी त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि सीडी सुतळीला बांधून शेतातल्या ज्वारीच्या ओळीत टांगून आले. "एवढ्या चकचकीत आहेत, निदान पाखरं तरी भितील." मी रागावले. ते हसले, खोकले, पुन्हा हसले. पावसाळा येईपर्यंत त्या सीडींचं वरचं चकचकीत निघून गेलं होतं. दवाखान्यानं दिलेल्या स्कॅनची प्रत राहिली ती त्या फोल्डरमध्येच.

ते फोल्डर मी कधी उघडलं नाही. पण ते मला हवं होतं. नात्यातला एक डॉक्टर येत्या दिवाळीत येणार होता. त्याला दाखवून मला एकच विचारायचं होतं — आम्ही ते दोन महिने थांबलो नसतो तर सर वाचले असते का? मुलगी, अनघा, नागपूरला असते. ती फोनवर म्हणाली, "आई, तो हो म्हणाला तर तू काय करशील?" मी म्हणाले, निदान कळेल तरी. ती म्हणाली, "बाबांना चाललं नसतं हे." मी विषय बदलला.

सर गेल्यानंतर महिन्याभरानं मी सापळे मोजायला लागले. दुसरं काही सुचत नव्हतं. सकाळी शेतात जायचं, पतंग मोजायचे, घरी येऊन सरांच्याच फाईलमध्ये आकडा भरायचा. गजाननभाऊ मला चिडवत नव्हते. लांबूनच बोट वर करून 'किती?' विचारायचे.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी आकडा भरला तर फाईल सेव्ह होईना. खाली कोपऱ्यात सूचना — सी ड्राइव्हवर जागा नाही. मेहकरचे सलीमभाई आमच्या कॉम्प्युटरचे जुने वैद्य, सरांचे विद्यार्थी. ते मंगळवारी बसनं आले, खुर्चीवर बसले, आणि स्क्रीनवरची फोल्डरं बोटानं मोजायला लागले.

"सारं डेस्कटॉपवरच ठेवलं सरनं," शेवटी म्हणाले. "वहिनी, डेस्कटॉप म्हंजे सीच असते. मी सरले दहा वेळा सांगतलं. तर मलेच म्हणे, सलीम, तू वहीत शेवटच्या पानापासून लिहायचा, तू मले नको शिकवू."

मोठी डिस्क आठ दिवसांनी मिळणार होती. तोवर काहीतरी काढायला हवं होतं.

"हे पाहा, दोन फोल्डर हायेत, दोन्ही दीड-दीड जीबीचे. डोमकळी आन दवाखाना. यातलं एक काढा. दवाखाना काढून टाकू का?"

"नको. ते राहू द्या."

"पेनड्राइव्ह देऊ का? उतरवून घ्या."

तो द्यायला त्यांनी खिसा चाचपला, पण दुकानातच राहिला होता. मी म्हणाले, राहू द्या, माझं मी पाहते.

बुधवारी सकाळी मी डोमकळीचं फोल्डर डिलीट केलं. कारण लिहायला लाज वाटते. मला वाटलं, फुलंच तर आहेत. आकडे फाईलमध्ये आहेतच. स्कॅन पुन्हा मिळायचे नाहीत.

तरी जागा झाली नाही. सलीमभाईंना फोन केला.

"वहिनी, बिन खाली केला का? रिसायकल बिन?"

"तो कशाला?"

"अवो, तुम्ही घर झाडलं आन केर दाराआड लोटून ठेवला. मंग जागा कुठून होईन?"

बिन उघडला. आत एकच ओळ होती — 'डोमकळी'. बिन खाली करणार तेवढ्यात पंख्याचा वेग मंदावला, आणि बाराच्या ठोक्याला लाईट गेली. त्या दिवसांत आमच्याकडे रोज बारा ते चार भारनियमन असायचं. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेली होती, त्यामुळे लाईटबरोबर कॉम्प्युटरही बंद. मी कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि वाचनालयात गेले.

दुपारभर वाचनालयात होते. पेपर वाचणारी नेहमीची पाच-सहा मंडळी होती, त्यातले दोघं एकाच पेपरवरून भांडले, मी पेपरची पानं वेगळी करून दोघांना दिली. तीनच्या सुमारास एका मुलीला पुस्तक दिलं, त्याची नोंद माझ्या हातची आहे. सव्वाचारला घरी आले. गिरणी नुकतीच सुरू झाली होती आणि दुपारपासून थांबलेले डबे ओटीवर ओळीनं ठेवले होते. म्हणजे लाईट आत्ताच आली होती.

चहा ठेवला. कॉम्प्युटर लावला. बिन उघडला.

आत एकच ओळ होती. 'दवाखाना'.

मला वाटलं, घाईत वाचण्यात चूक झाली. चष्मा पुसला. 'दवाखाना' — मूळ जागा डेस्कटॉप, डिलीट केल्याची तारीख आजची, वेळ दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटं.

डेस्कटॉपवर पाहिलं. 'डोमकळी' आपल्या जागी होतं. खिडकी आतून बंद होती, कुलूप मी स्वतः काढलं होतं. चहा उतू गेला, तो वास आल्यावर उठले.

मला भीती वाटली नाही, हे मुद्दाम लिहिते. सर आतल्या खोलीत काहीतरी शोधताहेत आणि मी बाहेरून विचारते आहे, 'काय हवंय?' — तसं काहीसं वाटलं. ते नेहमी असंच करायचे. मी एक वस्तू एका जागी ठेवायची, त्यांनी न बोलता ती हलवायची, आणि दोन दिवसांनी मला कळायचं की त्यांचं बरोबर होतं. त्यावरून आमची भांडणंही झाली आहेत.

मी 'डोमकळी' उघडलं आणि पहिल्यापासून फोटो पाहत गेले. पूर्वी लांबून पाहिलेले. जवळून पाहिले त्या दिवशी. चिकटलेल्या पाकळ्या उलगडून आतली अळी दाखवायची तर फूल धरावं लागतं. सर उजव्या हातानं फोटो काढायचे, डाव्या हातानं फूल धरायचे. म्हणून प्रत्येक फोटोच्या कडेला त्यांचा डावा अंगठा आहे. पहिल्या वर्षीचा तुकतुकीत. मग एका हंगामात त्याच्यावर चिंधी बांधलेली — विळा लागला होता, ती चिंधी मीच बांधली होती. नखावर खडूची पूड. शेवटच्या हंगामातला सुकलेला, पण फूल तितक्याच अलगद धरलेलं. आणि हेच मी सकाळी काढून टाकलं होतं... स्कॅनमध्ये सर आतून-बाहेरून होते म्हणे, पण त्यात मला ते ओळखू आले नसते.

शुक्रवारी सलीमभाई पेनड्राइव्ह घेऊन आले. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. आधी त्यांनी कॉम्प्युटरचं घड्याळ पाहिलं, कारण आतला सेल उतरला की वेळ चुकते. घड्याळ बरोबर होतं, फक्त दोन मिनिटं पुढं. यूपीएस उघडून पाहिला. नेटची वायर नव्हतीच आमच्याकडे.

"लाईट नक्की नव्हती?"

"गिरणीवाल्याला विचारा."

ते खरंच रस्ता ओलांडून विचारून आले. मग पाटावर बसले.

"वहिनी, मशीनचं मले समजते," म्हणाले. "हे मशीनचं नाही. आता सांगा, पेनड्राइव्हवर घेऊ का दवाखाना? वापस आनता येते अजून. बिनमधीच हाय."

हे मला ठाऊक होतं. बुधवारपासून ते बिनमध्येच होतं. मला एवढंच करायचं होतं की त्या ओळीवर राईट क्लिक करून 'रिस्टोअर' म्हणायचं. दोन दिवस मी ते केलं नव्हतं आणि बिन खालीही केला नव्हता. फाईल सेव्ह होत नव्हती, पतंगांचे आकडे कॅलेंडरवर लिहीत होते. दिवाळी दहा दिवसांवर आली होती.

"घेऊ नका," मी म्हणाले. "उठा, मला बसू द्या."

खुर्चीवर बसले. बिन खाली करा म्हटलं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की का? सलीमभाईंनी मान दुसरीकडे वळवली. मी 'येस' दाबलं. थोडा वेळ हिरवी पट्टी सरकत राहिली, मग ती खिडकी बंद झाली. मोठी डिस्क आता नको, म्हणून सलीमभाईंना सांगितलं.

अनघा म्हणते, तूच केलं असशील आई, मनानं थकली होतीस, विसरलीस. असेलही. तिच्याशी मी वाद घालत नाही. पण दोन वाजून पन्नास मिनिटांनी मी वाचनालयात होते आणि गल्लीत लाईट नव्हती, या दोन गोष्टींचं काय करायचं ते तिलाही सांगता येत नाही. दिवाळीत तो डॉक्टर येऊन गेला. त्यानं करंज्या खाल्ल्या, सरांच्या आठवणी काढल्या. मी त्याला काही विचारलं नाही.

आम्ही उशीर केला का, हे मला माहीत नाही, आणि आता कळायची सोय राहिलेली नाही. सी ड्राइव्हवर दीड जीबी जागा मोकळी आहे.